चढावरचे दोन दगड

बस इथे. लाइट अर्ध्या तासात येईल, तोवर हा दिवा पुरे. आज काही मैदानात ड्रमांच्या रांगेतून गाडी मागे घ्यायचा सराव होणार नाही.

तुझा कागद वाचला मी. छान आहे. पहिलं वर्ष शहरातल्या शहरात छोटा ट्रक, दुसऱ्या वर्षी जड वाहनाचा परवाना, चौथ्या वर्षी लांबचा पल्ला, सहाव्या वर्षी टँकर, दहाव्या वर्षी स्वतःची गाडी. अक्षर तर इतकं सुबक आहे की कंपनीवाले तुला स्टिअरिंगवर न बसवता ऑफिसात बसवतील. सांभाळून राहा.

हसू नकोस. असाच कागद माझ्याकडेही होता. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून मी तो स्वयंपाकघराच्या दारावर आतून चिकटवला होता. बायको म्हणायची, "अहो, दहाव्या वर्षापर्यंतचं सगळं लिहिलंत, उद्या भाजी कोण आणणार तेवढं लिहायचं राहिलं." आमची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. दीड खोलीचं घर, त्यात दोरीवर तिची दुपटी. त्या दुपट्यांखालून वाकून मी पहाटे ड्यूटीवर जायचो आणि जाताना एकदा त्या कागदाकडे बघायचो. बरं वाटायचं.

तू परवा विचारलंस ना, "सर, तुमचा हात एवढा चांगला आहे, मग तुम्ही तीनच वर्षं गाडी चालवून इथे शिकवायला का बसलात?" मी विषय टाळला होता. आज सांगतो. तुला सांगितलेलं बरं, तू नवीन आहेस.

मला उस्तादांनी शिकवलं. किडकिडीत माणूस, इंजिनाच्या आवाजाने एका कानाने कमी ऐकू यायचं. स्टिअरिंग, गिअर, क्लच त्यांनी आठ दिवसांत शिकवलं आणि पुढचे दोन महिने फक्त गाडीतून उतरायला शिकवलं. आरसा मळलाय? उतर. मागून आवाज येतोय? उतर. टायर गरम झाल्याचा वास येतोय? उतर. मी वैतागायचो. ते म्हणायचे, "गाडी काय, कुणीही चालवतं रे. उतरायला जिवावर येतं. तिथे ड्रायव्हर कळतो."

आणि एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून घोकून घेतली होती. चढावर भरलेली गाडी बंद पडली तर नुसत्या हँडब्रेकवर विसंबायचं नाही, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे. ठोकळे नसले तर दगड. आता गंमत अशी, की गाडीचा सगळा भार त्या दगडावर बसलेला असतो. तो तसा निघत नाही. गाडी वीतभर पुढे घेतली की तो मोकळा होतो. बरोबर क्लीनर असेल तर तो पटकन उचलून कडेला टाकतो. तू एकटा असशील तर? तर गाडी तशीच चढवत न्यायची, सपाट जागा मिळाली की उभी करायची, आणि चालत मागे येऊन दगड उचलायचा. मैलभर चालावं लागलं तरी चालायचं. उस्ताद म्हणायचे, "रस्त्यावर ठेवलेला दगड तुझ्या गाडीखाली कधीच येणार नाही. मागून येणाऱ्याच्या येईल. म्हणून तो विसरणं फार सोपं असतं."

मी विसरलो नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो.

मला नव्वद दिवसांच्या ट्रायलवर घेतलं होतं. नव्वद दिवसांत गाडीला एक ओरखडा नको, एकदाही उशीर नको. मग नोकरी कायम. माझा एकाहत्तरावा दिवस होता. फरशीचे खोके भरून घाटापलीकडच्या गोदामात न्यायचे होते आणि गोदामाचं फाटक पाचला बंद व्हायचं. ट्रायलवाल्यांना कंपनी क्लीनर देत नसे. मी एकटाच.

दुपारची वेळ, आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. अर्धा घाट चढलो आणि तापमानाचा काटा लालवर गेला. केबिनमध्ये गरम पाण्याचा गोडसर वास सुटला, समोरून वाफ यायला लागली. 'हॉर्न वाजवा' अशी पाटी असलेलं एक वळण होतं, तिथे कडेला घेऊन थांबलो. रेडिएटरच्या पाइपची पट्टी ढिली झाली होती, काम मोठं नव्हतं. पण आधी चाकं अडवायला हवीत. ठोकळे शोधले तर कुणीतरी दुसऱ्या गाडीला नेलेले. खालच्या चरात दोन काळे गोल दगड दिसले. एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून, पोटाशी धरून आणला. मागच्या दोन्ही चाकांना नीट टेकवला.

इंजिन गार होईपर्यंत बसून राहिलो. घाटात एवढी शांतता असते हे मला तोवर माहीत नव्हतं. तापलेलं लोखंड मधूनच टक् करायचं, तेवढाच आवाज. पट्टी आवळली, पाणी भरलं. घड्याळात पाहिलं तर पाचला वीस कमी.

गाडी सुरू केली. चाकं दगडावरून सुटून पुढे सरकली. आरशात पाहिलं. दोन्ही दगड रस्त्यावर, जिथल्या तिथे. वर दोनशे पावलांवर सपाट जागा होती. मी गाडी हळू केली, क्लचवर पायसुद्धा ठेवला. थांबायचं, उतरायचं, मागे जायचं, दोन दगड दोन खेपांत उचलायचे, परत यायचं. दहा मिनिटं. आणि फाटक बंद. आणि उशिराची खूण. एकोणीस दिवस राहिले होते रे... मी स्वतःला म्हणालो, उद्या सकाळी याच रस्त्याने परत यायचंय, तेव्हा उचलू.

पायाने आपोआप क्लच सोडला.

पाचला दोन मिनिटं असताना फाटकातून आत गेलो. फाटकवाला म्हणाला, "नशीबवान आहेस." मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी मुलीसाठी एक खुळखुळा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरताना त्या पाटीपाशी गाडी उभी केली आणि अगदी शहाण्यासारखा उतरलो. दगड नव्हते. कुठेच नव्हते. कुणीतरी भल्या माणसाने उचलले असतील असं म्हणून मी मोकळा झालो. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो, तर तिथे दोघं बोलत होते. काल संध्याकाळी घाटात एक बाई गेली. कारखान्यातून सुटून स्कूटरवरून घरी निघाली होती. कुठल्यातरी ट्रकवाल्याने चाकाला लावलेला दगड तसाच टाकून दिला होता, त्यावर स्कूटर गेली. जागच्या जागी संपली म्हणाले.

कोणत्या वळणावर? एवढंच विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. ते मी चहाबरोबर गिळले आणि गाडीत जाऊन बसलो.

मी कुणालाच काही विचारलं नाही, कुणालाच काही सांगितलं नाही. नव्वदाव्या दिवशी सुपरवायझरने हात मिळवला. बायकोने दारावरच्या कागदावर पहिल्या ओळीपुढे पेनने बरोबरची खूण केली आणि काहीतरी गोड केलं होतं. मी ताट तसंच बाजूला सरकवलं. ती म्हणाली, "आनंदानेसुद्धा भूक मरते का हो माणसाची?" मी हो म्हणालो.

एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी यार्डात गेलो. माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना दगड लावलेले होते.

यार्डातल्या पोरांची मस्करी असेल असं समजून मी राखणदाराला दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "साहेब, सगळं काँक्रीट आहे इथे. मी दगड आणायचा म्हटला तरी आणू कुठून?" खरंच होतं ते. मी वाकून पाहिलं. दगड कसेतरी फेकलेले नव्हते. पातळ बाजू टायरखाली, जाड बाजू बाहेर, दोन्ही एका रेषेत. ज्याला शिकवलंय किंवा ज्याने नीट बघून ठेवलंय, त्याचंच ते काम.

त्यानंतर ते होतच राहिलं. रोज नाही. पेट्रोल पंपावर, बंदराच्या आवारात, कारखान्याच्या फाटकाबाहेर. दमून गाडी लावली आणि खाली उतरून चाकं बघायचा कंटाळा केला की सकाळी दगड असायचेच. मला तर ते काळजीने लावल्यासारखे वाटायचे. त्याचीच जास्त भीती वाटायची. कुणी शाप दिला, अंगावर धावून आलं तर माणूस तोंड देतो. आपल्यामुळे जे मेलं तेच आपली गाडी घसरू नये म्हणून जपत असेल, तर काय करायचं?

एकदा उजाडता उजाडता मी केबिनमध्ये पडलो होतो. झोप अर्धवट झालेली. बाहेर करडा उजेड. आणि मागून आवाज आला. दगड रस्त्यावरून ओढत आणल्याचा. खर्र... मग थांबला. पुन्हा खर्र... मग पुन्हा थांबला. जो कुणी ओढत होता त्याला तो पेलत नव्हता, मधेमधे दम खावा लागत होता. आवाज डाव्या बाजूने मागच्या चाकापर्यंत आला. गाडी किंचित हलली. चाक दगडावर टेकतं तेव्हा हलते तेवढीच.

माझा हात दाराच्या खिट्टीवर होता. उस्तादांचा शब्द आठवत होता. उतर. हात हलेना.

"कोण आहे?..." मी कसंबसं विचारलं.

मी खिट्टी घट्ट धरून ठेवली.

"ताई... चुकलं माझं. मी परत येणार होतो... खरंच येणार होतो..."

मग अगदी हळू, दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून धूळ झटकल्याचा आवाज आला. काम झालं की आपण झटकतो ना, तसा.

त्या दिवशी मी उस्तादांच्या घरी गेलो. ते निवृत्त होऊन गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी चांगला कान माझ्याकडे करून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "त्या बाईच्या घरी गेलास?"

"नाही."

"तीन वर्षं झाली की रे."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा," ते म्हणाले. "अजून तू गाडीतून उतरलेला नाहीस."

पत्ता मिळायला वेळ लागला नाही. तीन वर्षं तो मिळाला नव्हता कारण मी मागितला नव्हता. कारखान्यातल्या कामगारांच्या इमारतींपैकी एक, दुसरा मजला. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. ते तिचे वडील, घरात एकटेच राहायचे. भिंतीवर तिचा फोटो, शेजारी खिळ्याला तिचं हेल्मेट. आणि त्याच्या बरोबर खाली, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवलेला दगड.

"काका, मी ट्रक चालवतो..." मी सुरुवात केली.

"दगडासाठी आलास ना?" ते म्हणाले. "बस. तुझ्याआधी दोघं येऊन गेले."

मी खुर्चीच्या कडेला टेकलो. ते शांतपणे म्हणाले, "त्या संध्याकाळी घाटातून गेलेले ट्रकवाले. ज्याने ज्याने दगड टाकला असेल, त्याला त्याला खुपत असणार. बघ, नीट बघ. तुझा आहे का?"

मी जवळ जाऊन गुडघ्यांवर बसलो. तो दगड नव्हताच. फुटपाथच्या कडेचा फुटका चौकोनी तुकडा होता, एका बाजूला पिवळा रंग. माझे दोन्ही दगड काळे होते, गोल होते.

"नाही..." मी म्हणालो.

"कुठे थांबला होतास?"

"हॉर्नच्या पाटीपाशी."

"मग नाहीच. ती गेली ते त्याच्या खूप खाली, पाण्याच्या टाकीजवळ. पाटीपर्यंत पोचलीच नव्हती."

तुला खरं सांगतो, तेव्हा माझ्या छातीतून जो श्वास सुटला, त्याची मला आजही लाज वाटते. त्या माणसाची मुलगी गेली होती, तिचं हेल्मेट माझ्या डोक्याच्या वर लटकत होतं आणि मला आनंद झाला होता. त्यांना तो कळला. म्हणाले, "त्या दोघांनीही असाच श्वास सोडला. एक तर जिना उतरताना शीळ घालत गेला. मी रागावत नाही. सुटका झाली की माणसाला बरं वाटणारच."

"काका, ज्याचा असेल तो सापडला तर?"

"त्याला मी काय करणार आहे? त्याने हा इथून उचलून न्यावा, एवढंच. माझ्याच्याने हा बाहेर टाकवत नाही रे. आणि रोज बघवतही नाही."

"मी नेऊ का?"

त्यांनी मान हलवली. "तुझा नाही ना. मग राहू दे."

मी नमस्कार करून निघालो. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत मी सुटलेला माणूस होतो. दुसऱ्या वळणावर माझे पाय थांबले. दगड माझा नव्हता, हे खरं. पण माझे दोन दगड रस्त्यावर राहिले होते, हेही खरंच होतं. मग ते गेले कुठे? आणि तीन वर्षं मी जिला ताई ताई म्हणत होतो ती ताई नव्हती, तर माझ्या चाकांना दगड कोण लावत होतं?

पोलीस चौकीत गेलो. त्या संध्याकाळची घाटात एकाच अपघाताची नोंद, टाकीजवळची. कुणी हरवलंय का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. रस्ता साफ करणाऱ्यांना विचारलं, त्यांनी पाटीजवळून काही उचललं नव्हतं. लागोपाठ तीन रविवार पाटीखालच्या उतारावर झुडपं बाजूला करत फिरलो. तो उतार खोल आहे, खालचं काही दिसत नाही. जाताना घाबरत होतो की काहीतरी सापडेल, परतताना रडायला यायचं की काहीच सापडलं नाही.

सुपरवायझरपुढे जाऊन सगळं कबूल केलं. तो भला माणूस. म्हणाला, "अरे, तक्रार नाही, नोंद नाही, मेलेलं माणूस नाही. मग तू कबूल काय करतोयस? आठ दिवस रजा घे." मी राजीनामा दिला, तसं बायकोला सकाळी सांगूनच निघालो होतो. घरी आलो तर बायकोने दारावरचा कागद काढून, घडी घालून कपाटात ठेवलेला होता.

मग इथे लागलो. पगार निम्मा, पण रोज संध्याकाळी घरी. गाडी नाही म्हणून दगड नाहीत. तीन वर्षं शांत गेली. मुलगी सहा वर्षांची झाली, शाळेत जायला लागली. मागच्या वर्षी तिला एक छोटी सायकल घेतली, मागे दोन आधाराची चाकं असलेली. रात्री ती दाराबाहेरच्या व्हरांड्यात ठेवतो.

गेल्या रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. सायकलीच्या त्या दोन चाकांना मागून दोन दगड लावलेले होते. मुठीएवढे, काळे. पातळ बाजू चाकाखाली, एका रेषेत.

मी आत येऊन तिच्यावर ओरडलो. "हे दगड कुणी आणले?"

ती दप्तरातली रंगपेटी काढत बसली होती. वर न बघता म्हणाली, "ती लावते. सायकल घसरू नये म्हणून."

"ती कोण?"

"ती. नेहमी येते ती."

मी तिच्यासमोर खाली बसलो. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "केवढी आहे गं ती? मोठी बाई आहे?"

तिला हसू आलं. ती उठून उभी राहिली आणि हाताचा पंजा आडवा करून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"नाही हो बाबा. आधी ती माझ्यापेक्षा उंच होती. ती वाढतच नाही. आता आम्ही सारख्या झालोय."